पार्किंगमध्ये गाडी घासली: चूक कोणाची, खर्च कोणाच्या विम्यातून?

पार्किंगमधली धडक बहुतेक वेळा चालण्याच्या वेगाची असते. कुणाला लागत नाही, म्हणून ती कुणी फारशी मनावरही घेत नाही. मग आधी भांडण होतं, मागे हॉर्न वाजायला लागले की गाड्या बाजूला घेतल्या जातात, "बघू नंतर" म्हणून दोघं निघून जातात, ओळखीच्या गॅरेजमधून बंपर रंगवून आणला जातो आणि सगळ्यात शेवटी विमा कंपनीला फोन जातो. हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा आहे. गाड्या हलल्या की चूक कोणाची हे सांगणारा निम्मा पुरावा जातो, आणि बंपर दुरुस्त झाला की दावा कशावर करायचा हेच उरत नाही.

खालचे टप्पे भारतातल्या खासगी चारचाकीच्या विम्याला धरून आहेत. कुणाला इजा झाली असेल तर यातलं काहीही आधी नाही: आधी दवाखाना, मग पोलीस, मग विमा.

## आधीची तयारी: पॉलिसीतल्या चार गोष्टी आजच बघून ठेवा

धडक झाल्यावर पॉलिसीची पीडीएफ उघडून बारीक अक्षरं वाचणं कुणाला जमत नाही. आज दहा मिनिटं काढा आणि हे टिपून ठेवा.

१. पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे? फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही तुमच्या कंपनीकडून मिळणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा भाग लागतो. बोलीभाषेत "फुल इन्शुरन्स" म्हणतात त्यात दोन्ही असतात.

२. दोन्ही भाग एकाच कंपनीकडे आहेत का? नव्या गाडीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, ओडी मात्र दरवर्षी वेगळ्या कंपनीकडून घेता येतो. त्यामुळे अनेकांच्या गाडीला दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असतात आणि हे त्यांच्या लक्षातही नसतं. स्वतःच्या गाडीची खबर ओडीवाल्या कंपनीला द्यायची, दुसऱ्यानं तुमच्यावर केलेल्या दाव्याची थर्ड पार्टीवाल्या कंपनीला. इथे गल्लत झाली की दिवस वाया जातात.

३. डिडक्टिबल किती? १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये सक्तीचे असतात. दर दाव्यात एवढी रक्कम तुमच्या खिशातून जाते. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ऐच्छिक डिडक्टिबल घेतलं असेल तर ते यावर आणखी लागतं. पॉलिसी घेताना एजंटनं टिक केलेला हा रकाना पुष्कळांना दाव्याच्या वेळीच पहिल्यांदा दिसतो.

४. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, किती टक्के आहे, आणि झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं) किंवा एनसीबी प्रोटेक्ट (दावा केला तरी हा बोनस राखणारं) हे अॅड-ऑन घेतलेत का? पुढच्या हिशोबात सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

## टप्पा १: थांबा, आणि गाड्या आहेत तशा राहू द्या

इंजिन बंद करा, हॅझर्ड दिवे लावा आणि खाली उतरून सगळ्यांना विचारा: कुठे लागलंय का? मागच्या सीटवरच्या मुलांनाही विचारा.

"गाडी आधी बाजूला घ्या" असं सगळे सांगतील. सुरक्षारक्षक तर सांगेलच. दोन मिनिटं मागून घ्या. गाड्या रॅम्पवर किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर अडल्या असतील तर निदान चार कोपऱ्यांतून चार फोटो काढल्याशिवाय हलवू नका. अंधारातल्या वळणावर मागून दुसरी गाडी येऊन आदळेल अशी स्थिती असेल तर मात्र फोटोचाही विचार करू नका, आधी माणसं बाजूला घ्या.

> सावधान: धडकून अडकलेल्या गाड्या ओढून सोडवायला जाल तर एक ओरखडा असतो तिथे दोन होतात, आणि दुसरा कशानं आला हे नंतर सांगता येत नाही. अडकलेल्या अवस्थेतले फोटो आधी.

## टप्पा २: फोटो, पण या क्रमानं

बहुतेकांच्या फोनमध्ये खरचटलेल्या जागेचे दहा क्लोज-अप असतात आणि पूर्ण दृश्याचा एकही फोटो नसतो. सर्वेयरला (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याला) किंवा समोरच्या पार्टीला त्या क्लोज-अपमधून कुणाची गाडी कुठून कुठे चालली होती ते अजिबात कळत नाही. म्हणून लांबून जवळ या.

१. दोन्ही गाड्या, चारही कोपऱ्यांतून. प्रत्येक फोटोत एक तरी न हलणारी वस्तू यायला हवी: खांबाचा नंबर, पार्किंगच्या रेषा, जमिनीवरचा बाण.

२. दोन्ही गाड्यांची पुढची चाकं कोणत्या दिशेला वळलेली आहेत ते.

३. मागचा पांढरा दिवा लागलेला असेल तर तो. गाडी रिव्हर्समध्ये होती याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही, आणि गिअर बदलला की तो गेला.

४. जमीन. फुटलेले प्लॅस्टिकचे तुकडे, चाकाच्या वरच्या कमानीतून सुटून पडलेली वाळकी माती. धक्का जिथे बसला साधारण तिथेच ही माती पडते, त्यामुळे "मी माझ्याच रेषेत होतो" या दाव्याची शहानिशा इथे होते.

५. टेकलेली जागा, दोन्ही गाड्यांवरची, जमिनीपासूनची उंची कळेल अशी. टेप नसेल तर शेजारी पाण्याची बाटली उभी ठेवा.

६. समोरच्या गाडीचा तोच सगळा भाग, जुन्या ओरखड्यांसकट. आठवड्यानं "हे पण तुमच्यामुळेच झालं" असं ऐकू आलं की याचा उपयोग होतो.

७. नंबर प्लेट, दिशेच्या पाट्या, वेगमर्यादेची पाटी, वळणावरचा आरसा.

शेवटी गाड्यांभोवती एक चक्कर मारत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. मूळ फाइल्स फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ फोटो डिलीट केले तर प्रत खालावते आणि फोटो कधी काढला याची आतली नोंदही जाते.

## टप्पा ३: माहिती घ्या, कबुली देऊ नका

समोरच्याकडून चार गोष्टी घ्या: नाव, फोन नंबर, परवान्याचा फोटो, पॉलिसीचा किंवा विमा प्रमाणपत्राचा फोटो. तो देत नसेल तर हुज्जत घालू नका. गाडीचा नंबर पुरे आहे. एमपरिवहन अॅपवर त्या नंबराचा विमा कधीपर्यंत चालू आहे ते दिसतं.

बोलायचं ते माणुसकीनं बोला. "तुम्ही ठीक आहात ना?" विचारणं म्हणजे कबुली नव्हे. पण "माझीच चूक, सगळा खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका आणि मेसेजही करू नका, चूक तुमची आहे असं तुम्हाला वाटत असलं तरी. कारण मोटार पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं कबुली, प्रस्ताव, वचन किंवा पैसे द्यायचे नाहीत. भलेपणानं लिहिलेली एक ओळ तुमचंच थर्ड पार्टी संरक्षण धोक्यात आणू शकते. अंगावर येणाऱ्या माणसाला सांगायला एक वाक्य पुरतं: "माझ्या विमा कंपनीला कळवतो, तुम्हीही तुमच्या कंपनीला कळवा."

मग सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, म्हणून त्याच दिवशी पार्किंगच्या व्यवस्थापकाला ईमेल करा किंवा अर्ज द्या: तारीख, वेळ, मजला, खांब क्रमांक आणि "हे फुटेज जपून ठेवावे". फुटेजची प्रत पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. हरकत नाही. आधी ते पुसलं जाऊ नये एवढंच साधायचंय. अर्जाची पोच घ्या.

> तपासा: तिथून निघण्यापूर्वी हातात आहेत का? पूर्ण दृश्याचे फोटो, समोरच्या गाडीचा नंबर, एखाद्या साक्षीदाराचा फोन नंबर, पार्किंगचं तिकीट किंवा प्रवेशाच्या वेळेची पावती.

तुम्ही ज्याला धडकलात तो मालक जागेवर नसेल तर काचेवर नाव, फोन आणि तुमचा गाडी नंबर लिहिलेली चिठ्ठी लावा, तिचा फोटो काढा आणि सुरक्षा कक्षात नोंद करा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ फक्त जखमींपुरतं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. पोलीस अधिकारी जागेवर नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांच्या आत कळवायचं असतं. विमा कंपनीला लेखी माहिती देणं हेही त्याच कलमात आहे.

## टप्पा ४: चूक कोणाची ते ठरवा

आवाज कोणाचा मोठा किंवा गाडी कोणाची महाग, यावर चूक ठरत नाही. तीन प्रश्न याच क्रमानं विचारा: टेकण्याच्या क्षणी कोण हलत होतं? हलणारा कोणत्या दिशेनं जात होता? आणि वाट कोणाची होती?

उभी गाडी आणि हलती गाडी. रेषेच्या आत नीट उभ्या गाडीला कुणी घासलं तर चूक हलणाऱ्याची. उभी गाडी रेषेबाहेर होती, वळणावर किंवा येण्याजाण्याच्या वाटेत लावली होती, तर तिच्या मालकावरही काही हिस्सा येऊ शकतो. पण "ती गाडी वाकडी लावली होती" एवढ्यानं ठोकणारा सुटत नाही, कारण उभी गाडी त्याला दिसत होती.

जागेतून रिव्हर्स निघणारी गाडी आणि वाटेनं जाणारी गाडी. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. रिव्हर्स घेणाऱ्यानं इतरांना धोका नाही याची आधी खात्री करायची असते, म्हणून मूळ जबाबदारी त्याची. वाटेनं येणारा बाणाच्या उलट दिशेनं येत होता, पार्किंगला न शोभणाऱ्या वेगानं येत होता किंवा संध्याकाळी दिवे बंद ठेवून येत होता, तर चूक वाटली जाते. धक्का रिव्हर्स गाडीला कुठे बसलाय ते बघा. तिच्या मागच्या कोपऱ्याला असेल तर ती नुकतीच बाहेर आली होती. तिच्या मागच्या दाराला किंवा पुढच्या भागाला असेल तर ती बरीच बाहेर आली होती आणि समोरच्याला ती दिसायला वेळ मिळाला होता. हे दुसरं चित्र रिव्हर्सवाल्याच्या बाजूनं बोलतं.

दोघंही रिव्हर्समध्ये. सहसा दोघांचीही चूक. अपवाद एकच: एक जण आधीच थांबला होता हे सिद्ध झालं तर. "मी थांबलो होतो, हॉर्न पण दिला" असं दोघंही सांगतात, म्हणून डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीशिवाय यात फार ताणण्यात अर्थ नाही.

दार उघडताना. शेजारच्या उभ्या गाडीला दार लागलं तर दार उघडणाऱ्याची चूक. ते दार तुमच्या प्रवाशानं उघडलं असेल तरी समोरचा दाद तुमच्या गाडीकडेच मागणार.

रॅम्पवर मागे घसरलेली गाडी. जबाबदारी घसरणाऱ्याची. मागचा अगदी चिकटून उभा होता हा मुद्दा मांडता येतो, पण तो दुबळा आहे. हँडब्रेक न लावल्यानं आपोआप घरंगळलेल्या गाडीचंही तसंच.

"गार्डनं येऊ द्या म्हटलं." इशारा करणारा मदत करतो, स्टिअरिंग आणि ब्रेक तुमच्याच हातात असतात. व्यवस्थापनाशी याबद्दल जरूर बोला, पण समोरच्या गाडीच्या मालकाला हे कारण सांगू नका.

वॅलेकडे, म्हणजे हॉटेलच्या गाडी लावून देणाऱ्या माणसाकडे, दिलेली गाडी. टोकन परत देण्यापूर्वी गाडीभोवती फिरून बघा आणि ओरखडा दिसला तर तिथेच लेखी नोंद करून घ्या. "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी लावल्यानं हॉटेल आपोआप सुटत नाही. वॅलेकडे दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरलं होतं.

### ओरखडा काय सांगतो, काय सांगत नाही

ओरखड्यावरून अलगद बोट फिरवा. सुरुवात बारीक असते. शेवटाकडे रंगाची साल लोटली जाऊन तिचा कंगोरा बोटाला लागतो. म्हणजे घासणारी वस्तू कोणत्या दिशेला सरकली ते कळतं. पण हे फक्त एकमेकांच्या तुलनेतलं सरकणं आहे. तुमच्या दारावर पुढून मागे गेलेली रेघ तुम्ही पुढे गेल्यानंही उमटते आणि समोरचा तुमच्या पुढून मागे आल्यानंही उमटते. एवढ्या पुराव्यावर "बघा, तुम्हीच हलत होतात" असं म्हणणारे चुकतात.

हा गुंता चाकं सोडवतात. घासण्याची खूण अलॉय व्हीलवर किंवा व्हील कॅपवर आली असेल तर ती नीट बघा. सरळ रेघ असेल तर चाक फिरत नव्हतं, म्हणजे गाडी उभी होती. खूण गोलाकार किंवा कमानीसारखी असेल तर चाक फिरत होतं. चालू चाकाच्या टायरनं दुसऱ्या गाडीच्या पत्र्यावर उमटवलेला काळा डागही असाच वळणदार असतो. या एका खुणेचा जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढा. शब्दाला शब्द वाढलेल्या वादात हीच खूण निकाल देऊ शकते.

उंचीही ताडून बघा. समोरच्या बंपरची कड जमिनीपासून जिथे आहे तिथेच तुमच्या गाडीवर खूण हवी. ती वीतभर वर असेल तर ती खूण या धडकेची नाही.

## टप्पा ५: खर्च कोणत्या वाटेनं काढायचा

इथे एक मोठा गैरसमज काढून टाकायला हवा. तुमच्या स्वतःच्या ओडी दाव्यात चूक कोणाची याला जवळजवळ महत्त्व नाही. तुमच्याच चुकीनं खांबाला घासली तरी ओडीतून पैसे मिळतात. चूक महत्त्वाची ठरते ती थर्ड पार्टीच्या वाटेवर, म्हणजे एकानं दुसऱ्याकडून भरपाई मागताना.

वाटा तीन आहेत.

पहिली: आपापलं आपण. दोघांकडे ओडी असेल तर व्यवहारात बहुतेक वेळा हेच होतं. विमा कंपन्यांमध्ये रूढ असलेल्या "नॉक फॉर नॉक" पद्धतीत प्रत्येक कंपनी आपल्याच ग्राहकाच्या गाडीचा खर्च भागवते. यात दुखणं एवढंच, की चूक नसलेल्या माणसाचाही नो क्लेम बोनस जातो. हे अन्यायकारक आहे असं माझं मत आहे. पण लहान रकमेसाठी दुसरी वाट इतकी लांबची आहे की लोक मुकाट्यानं हे पत्करतात.

दुसरी: समोरच्याचा थर्ड पार्टी विमा. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. प्रीमियम वाचवण्यासाठी ते ६००० रुपयांपर्यंत कमी करून घेण्याची मुभा आहे. तुमच्या पॉलिसीत तसं केलेलं नाही ना, ते आजच बघा. ही भरपाई वादात गेली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं. पोलीस नोंद, दुरुस्तीचं बिल, फोटो, सगळं लागतं आणि अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. बंपरच्या रंगासाठी ही वाट धरू नये. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, नुकसान मोठं असेल आणि चूक स्पष्टपणे समोरच्याची असेल, तर मात्र धरावी.

तिसरी: आपसात रोखीनं. लहान ओरखड्यांसाठी ही अनेकदा सगळ्यात शहाणपणाची वाट असते, पण दोन अटींवर. अंदाजपत्रक आल्याशिवाय रक्कम ठरवायची नाही, कारण बंपरवर बोटभर चीर दिसते तिथे आत क्लिपा, ब्रॅकेट आणि पार्किंग सेन्सर तुटलेले असू शकतात. आणि पैसे घेतले असतील तर त्याच नुकसानीचा दावा नंतर कंपनीकडे करायचा नाही. व्यवहार यूपीआयनं करा, शेऱ्यात दोन्ही गाड्यांचे नंबर लिहा आणि तारीख, ठिकाण, रक्कम, "पूर्ण व अंतिम" एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

> सावधान: "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊन मग ओडी दावा केलात तर अडचण होते. तुम्हाला पैसे दिल्यावर कंपनीला ते दोषी बाजूकडून वसूल करण्याचा हक्क असतो. तो तुम्हीच घालवलेला असतो.

क्वचित घडणाऱ्या दोन गोष्टी. तुमच्या एका गाडीनं तुमच्याच दुसऱ्या गाडीला ठोकलं तर थर्ड पार्टीतून काही मिळत नाही, कारण स्वतःची मालमत्ता त्यात धरत नाहीत. दोन्ही गाड्यांचे वेगळे ओडी दावे करावे लागतात. आणि मॉल किंवा सोसायटीचं पार्किंग खासगी आहे, तिथे थर्ड पार्टी विमा चालत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान्य करू नका. कायद्यात "सार्वजनिक जागा" असे शब्द आहेत, पण लोकांना नियंत्रित का होईना प्रवेश असलेली खासगी जागाही त्यात येते, असा व्यापक अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं लावलेला आहे.

## टप्पा ६: दावा करण्यापूर्वी कागदावर हिशोब

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

ओडी दाव्यात पूर्ण बिल मिळत नाही. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी नवी असो की जुनी. पार्किंगच्या धडकेत फुटतो तो बंपर प्लॅस्टिकचाच असतो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते: पहिले सहा महिने शून्य, मग ५ टक्क्यांपासून दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. काचेवर कपात नाही. रंगकामात रंगाच्या साहित्यावर ५० टक्के; बिलात साहित्य वेगळं दाखवलं नसेल तर रंगकामाच्या एकूण खर्चाचा २५ टक्के भाग साहित्याचा धरतात.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. बंपर ६०००, रंगकाम ४०००, मजुरी २०००, एकूण १२,००० रुपये. बंपरवर ३००० कापले, रंगावर ५०० (४००० चा चौथा हिस्सा १०००, त्याचे निम्मे), डिडक्टिबल १०००. हातात ७५००.

आता बोनस. ओळीनं दावा न केलेल्या वर्षांसाठी ओडी प्रीमियमवर २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी सवलत चढत जाते. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. समजा आज तुमची सवलत ३५ टक्के आहे आणि सवलतीआधीचा ओडी प्रीमियम १०,००० रुपयेच राहिला असं धरू.

- पुढचं वर्ष: ४५ टक्के मिळाले असते, आता शून्य. तोटा ४५००.
- दुसरं: ५० ऐवजी २०. तोटा ३०००.
- तिसरं: ५० ऐवजी २५. तोटा २५००.
- चौथं: ५० ऐवजी ३५. तोटा १५००.
- पाचवं: ५० ऐवजी ४५. तोटा ५००.

बेरीज १२,०००. म्हणजे ७५०० मिळवण्यासाठी १२,००० घालवले. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा ओडी प्रीमियमही उतरतो, म्हणून खरा तोटा यापेक्षा थोडा कमी भरेल. तरी अशा दाव्यात हाती फारसं काही लागत नाही. पत्रा वाकलाय, हेडलॅम्प फुटलाय, सेन्सर गेलाय आणि बिल तीस-चाळीस हजारांवर चाललंय, तर दावा करावाच. एनसीबी प्रोटेक्ट असेल तर हिशोब पूर्ण बदलतो. त्यात किती दावे चालतात ते पॉलिसीत वाचा.

> लक्षात ठेवा: दुसऱ्यानं तुमच्यावर केलेल्या निव्वळ थर्ड पार्टी दाव्यानं तुमचा नो क्लेम बोनस जात नाही. तो ओडी भागाशी जोडलेला आहे.

## टप्पा ७: खबर, सर्वेक्षण, मगच दुरुस्ती

दावा करायचा की नाही हे ठरलं नसलं तरी खबर लगेच द्या. पॉलिसीची अट "तात्काळ" खबर देण्याची आहे. नुसती खबर देऊन, पैसे न घेता दावा मागे घेता येतो. तो मागे घेतल्याची लेखी नोंद मात्र घ्या, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी बोनसवरून खटके उडतात.

१. अॅपवर किंवा फोनवर खबर द्या, दावा क्रमांक लिहून घ्या.

२. घटनेचं वर्णन तीन-चार ओळींत, फोटोंशी जुळेल असं. "मी सावकाश रिव्हर्स घेत असताना डावीकडून आलेल्या गाडीला माझा मागचा डावा कोपरा लागला" एवढं पुरे. तर्क, आरोप, रागाचे शब्द नकोत.

३. गाडी चालवत होता त्याचंच नाव द्या. परवाना नसलेल्या मुलाच्या जागी वडिलांचं नाव लिहिणं ही फसवणूक आहे, आणि सीसीटीव्हीच्या जमान्यात ती उघडी पडते. शिकाऊ परवान्यावर सराव चालू असताना धडक झाली तर दावा आपोआप बाद होत नाही. पण शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीवर "एल" पाटी हवी.

४. आरसी, परवाना, पॉलिसी, अंदाजपत्रक द्या. कॅशलेस, म्हणजे कंपनीनं गॅरेजला थेट पैसे देणं, हवं असेल तर गॅरेज कंपनीच्या यादीतलं आहे ना ते आधी विचारा.

५. सर्वेयर गाडी बघेल किंवा कंपनी व्हिडिओवरून पाहणी करेल. तोपर्यंत एक स्क्रूही उघडायचा नाही. बंपर खोलल्यावर आतलं जास्त नुकसान दिसलं तर काम थांबवून पुन्हा पाहणी करायला सांगा. तो खर्च बिलात नंतर घुसवता येत नाही.

६. मंजुरी लेखी आल्यावरच दुरुस्ती. जुने भाग बिल निघेपर्यंत गॅरेजमध्ये ठेवायला सांगा.

या दिवसांत गाडी चालवायची का? बंपर लोंबकळतोय, टायरला घासतोय, रेडिएटरमधून पाणी गळतंय, तर नाही. दुरुस्तीआधी चालवल्यानं वाढलेलं नुकसान तुमच्या माथी, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

आणि एकाच दाव्यात जुने ओरखडे उरकून घ्यायचा मोह टाळा. मागचा बंपर आजचा, डावं दार दोन महिन्यांपूर्वीचं, असं सर्वेयरला सहज कळतं. प्रत्येक घटनेचा दावा वेगळा आणि डिडक्टिबलही वेगळं. कळल्यावर तो आजच्या खऱ्या नुकसानीकडेही संशयानं बघतो.

## टप्पा ८: नकार आला तर

नकाराचं कारण लेखी मागा. फोनवरचं कारण धरू नका. मग त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फोटो आणि कागद जोडून लिहा. त्यानं काम झालं नाही तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला वकील लागत नाही.

मात्र लोकपाल आहेत ते तुमच्या स्वतःच्या पॉलिसीच्या तक्रारीसाठी. समोरच्याची कंपनी पैसे देत नाही म्हणून तिथे अर्ज केलात तर तो घेतला जात नाही, कारण तुम्ही त्या कंपनीचे ग्राहकच नाही. तिथे न्यायाधिकरण किंवा दिवाणी न्यायालय हीच वाट आहे, आणि टप्पा २ मध्ये काढलेल्या फोटोंच्या मूळ फाइल्स तेव्हाही लागतात.